संधिवाताची औषधं चालू आहेत, मग लस कधी घेऊ?

मागच्या वेळी या सदरात मेथोट्रेक्सेट या संधिवाताच्या गोळीबद्दल लिहिलं होतं आणि त्यावर जी पत्रं आली त्यातली निम्मी एकाच गोष्टीची होती, लस घेऊ का, घेतली तर औषध बंद करू का, आणि केलं तर आधी का नंतर. म्हणून आज दुसरं काही नाही, फक्त हेच. नावं कोणाचीच देत नाहीये.

प्रश्न : डॉक्टर, मी ५२ वर्षांची, नऊ वर्षांपासून आमवात आहे. मेथोट्रेक्सेट आठवड्याला १५ मिलिग्रॅम, दर रविवारी. मागच्या वर्षी फ्लूची लस घ्यायची होती तर बहीण म्हणाली की गोळी चालू असताना लस लागूच पडत नाही, म्हणून मी आधीचे दोन रविवार गोळी घेतली नाही, मग लस घेतली आणि त्याच रात्री गोळी परत चालू केली. तरी फ्लू झालाच, आठ दिवस झोपून होते. मग यंदा लस घेऊच नको का?

उत्तर : ताई, लस घ्याच. आणि तुमच्या बहिणीचं अर्धं बरोबर होतं, फक्त गोळी थांबवायची ती चुकीच्या बाजूला थांबवली गेली.

लस टोचल्यावर काय होतं ते आधी समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं आपोआप लक्षात येईल. दंडात टोचलेली लस काखेतल्या गाठींपर्यंत पोचते, तिथे बी-पेशी नावाच्या पेशी असतात, त्यातल्या ज्या त्या विषाणूला ओळखतात त्या भराभर वाढायला लागतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार, आणि मग त्या अँटिबॉडी तयार करतात. ही सगळी धावपळ लस घेतल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यात चालते. आणि मेथोट्रेक्सेट नेमकं काय करतं, तर भराभर वाढणाऱ्या पेशींना ब्रेक लावतं. म्हणजे तुम्ही गोळी बंद ठेवली तेव्हा गाठीत काहीच चाललेलं नव्हतं आणि खरं काम सुरू झालं त्याच रात्री तुम्ही ब्रेक लावला.

हे मी मनाचं सांगत नाहीये. कोरियातल्या डॉक्टरांनी आमवाताच्या पेशंटवर हेच तपासून बघितलं. आधीच्या एका अभ्यासात त्यांना दिसलं की लसीच्या आधी चार आठवडे गोळी बंद ठेवूनही फारसा फायदा होत नाही. मग २०१८ मध्ये त्यांनी दुसरा अभ्यास छापला, त्यात काही जणांनी फ्लूच्या लसीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवलं आणि बाकीच्यांनी चालूच ठेवलं. थांबवणाऱ्यांपैकी शंभरात साधारण ७५ जणांना लसीचा चांगला प्रतिसाद आला, चालू ठेवणाऱ्यांपैकी ५५ जणांना. नंतर २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या २५४ पेशंटचा अभ्यास आला, तो कोविडच्या बूस्टरचा होता, त्यातही लसीनंतर दोन आठवडे गोळी थांबवलेल्यांच्या अँटिबॉडी जवळपास दुप्पट निघाल्या.

आता हे वाचून लगेच कॅलेंडर काढू नका, कारण दुसरी बाजूही सांगायलाच हवी. त्या ब्रिटनच्या अभ्यासात गोळी थांबवणाऱ्यांमध्ये सांधे उफाळल्याच्या तक्रारी जास्त होत्या. बहुतेकांचं घरच्या घरी आटोक्यात आलं पण त्रास तर झालाच. म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाताच्या डॉक्टरांच्या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शनात असं आहे की फ्लूच्या लसीनंतर मेथोट्रेक्सेट दोन आठवडे थांबवायचं, *आजार शांत असेल तर*. तुमची बोटं सकाळी तासभर आखडलेली असतील, गुडघा सुजलेला असेल, तर गोळी चालू ठेवून लस घ्या, कमी संरक्षण मिळेल पण शून्य नाही मिळणार. आणि ज्यांचा आजार सांध्यांपुरता राहिलेला नाही, फुफ्फुसं, डोळे, रक्तवाहिन्या यात गेलाय, त्यांनी तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एकही डोस चुकवू नये.

तुमच्यासाठी हिशोब अगदी सोपा आहे. लस शनिवारी घेतलीत तर दुसऱ्या दिवशीचा रविवार आणि त्याच्या पुढचा रविवार गोळी नाही, तिसऱ्या रविवारी नेहमीचा डोस. नेहमीचाच बरं का, राहिलेल्या दोन आठवड्यांची भरपाई म्हणून जास्त गोळ्या अजिबात घ्यायच्या नाहीत, मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतते. मेथोट्रेक्सेटसोबत देतात ती फॉलिक ॲसिडची गोळी चालू राहिली तरी काही बिघडत नाही. आणि सुरुवात करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना एक फोन करा, तुमचे मागचे रिपोर्ट त्यांच्यासमोर आहेत, माझ्यासमोर नाहीत.

अजून एक, हे दोन आठवड्यांचं गणित फ्लूच्या लसीचं आहे. न्यूमोनिया, हिपॅटायटिस बी, धनुर्वात असल्या लसींना त्याच मार्गदर्शनात मेथोट्रेक्सेट चालूच ठेवायला सांगितलंय, कारण एकेका लसीसाठी दोन-दोन आठवडे गोळी बंद करत राहिलं तर वर्षभरात आजार हाताबाहेर जायचा. आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासालाझिन या संधिवाताच्या दुसऱ्या गोळ्यांना लसीपायी हात लावायची गरजच नाही.

मागच्या वर्षी फ्लू झाला म्हणून लस वाया गेली असंही समजू नका. लस घेतलेल्याला फ्लू होऊ शकतो, पण सहसा थोडक्यात निभावतं. आठ दिवस घरात झोपून काढणं आणि आठ दिवस ऑक्सिजनवर काढणं यातला फरक मी वॉर्डात फार जवळून बघितलाय.

प्रश्न : माझे वडील (६८) प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी ७.५ मिलिग्रॅम रोज घेतात, चार वर्षं झाली. लस घ्यायची म्हणून त्यांनी कोणाला न विचारता गोळी आठवडाभर बंद केली. पाचव्या दिवशी चक्कर, उलट्या, उठवेना. आम्ही घाबरून गोळी परत दिली आणि दवाखान्यात नेलं, आता बरे आहेत. लस राहिलीच. आता काय करायचं?

उत्तर : गोळी परत दिलीत आणि लगेच दवाखान्यात नेलंत, फार चांगलं केलंत.

हे मी ठळक अक्षरात छापायला सांगणार आहे : स्टेरॉइडची रोजची गोळी लसीसाठी स्वतःच्या मनाने कधीही बंद करायची नाही. आपल्या किडनीच्या वर दोन लहान ग्रंथी असतात, त्या शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड रोज तयार करतात. बाहेरून वर्षानुवर्षं गोळी मिळत राहिली की त्या ग्रंथी काम थांबवतात आणि गोळी अचानक बंद केली की शरीराकडे ना बाहेरचं ना घरचं, बीपी पडतं, उलट्या होतात, माणूस कोसळतो. वडिलांचं बहुतेक हेच झालं असावं. हे अंगावर काढायचं दुखणं नाही.

आणि वाईट याचं वाटतं की हे सगळं विनाकारण झालं. १० मिलिग्रॅमपर्यंतच्या प्रेडनिसोलोनवर निर्जीव लसी, म्हणजे ज्यात जिवंत जंतू किंवा विषाणू नसतो अशा, बिनधास्त घेता येतात, काहीही बंद न करता. डोस रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर फ्लूची लस तरीही वेळेवर घ्यायची, बाकीच्या निर्जीव लसी डोस २० च्या खाली येईपर्यंत थांबवता येतात, आणि तो डोस कसा कमी करायचा ते डॉक्टरच ठरवणार. वडिलांना गोळी चालू ठेवून याच आठवड्यात घेऊन जा. ६८ वय आहे तर फ्लूची जास्त ताकदीची लस मिळते का तेही विचारा, ६५ च्या पुढच्यांना आणि अशी औषधं घेणाऱ्यांना ती जास्त चांगली.

प्रश्न : टोफासिटिनिब ही संधिवाताची गोळी चालू करून सहा महिने झाले. वय ४७. आईला नागीण झाली होती, दोन वर्षं तिची कंबर जळत होती, तिचं ते कण्हणं माझ्या कानातून जात नाही. मला कोणी म्हणतं नागिणीची लस घे, कोणी म्हणतं ती जिवंत लस आहे, तुला चालणार नाही.

उत्तर : दोघंही बरोबर सांगतायत, फक्त ते दोन वेगवेगळ्या लसींबद्दल बोलतायत.

जुनी नागिणीची लस जिवंत होती, म्हणजे तिच्यात कमजोर केलेला पण जिवंत विषाणू असायचा आणि ती तुमच्यासारख्यांना देता येत नव्हती. नवी लस, शिंग्रिक्स, वेगळी आहे. तिच्यात विषाणूचा फक्त एक प्रोटीनचा तुकडा आहे आणि सोबत प्रतिकारशक्तीला डिवचणारं एक द्रव्य, त्यामुळे तिच्यापासून नागीण होऊच शकत नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये ती पन्नाशीच्या पुढच्यांसाठी मंजूर झाली आणि २०२१ मध्ये प्रतिकारशक्ती कमी असलेल्या १८ वर्षांवरच्या लोकांसाठीही, म्हणजे ४७ वय आहे म्हणून अडायचं कारण नाही.

आणि तुमच्या गोळीसाठी ही लस जरा जास्तच महत्त्वाची आहे. टोफासिटिनिब, बॅरिसिटिनिब, उपाडासिटिनिब, हे जे जॅक इनहिबिटर म्हणतात ना, त्यांच्यावर असलेल्यांना नागीण इतरांपेक्षा जास्त होते, हे पक्कं माहीत झालंय. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की तो विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतो आणि ही औषधं त्याच्यावरचा पहारा ढिला करतात. खरं तर गोळी चालू करण्याआधीच लस झाली असती तर उत्तम, पण झालं ते झालं. आता गोळी चालू ठेवूनच घ्या. दोन डोस असतात, एरवी दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने, तुमच्यासारख्यांना एक ते दोन महिन्यांच्या अंतरानेही देतात. दुसरा डोस विसरू नका, पहिल्यानंतर अंग दुखलं म्हणून पुष्कळ जण दुसऱ्याला जातच नाहीत.

आणि अंग दुखतंच या लसीने, आधीच सांगून ठेवतो. दंड, ताप, थंडी, सगळं अंग मोडून आल्यासारखं, दोन-तीन दिवस. आमवाताच्या माणसाला वाटतं झालं, आजार उफाळला. कसं ओळखायचं तर लसीचं दुखणं स्नायूंमध्ये पसरलेलं असतं आणि तीन दिवसात ओसरतं, आजाराचं दुखणं ठरावीक सांध्यांत सूज घेऊन येतं, सकाळी जास्त आखडवतं आणि तीन दिवसांनी जात नाही. तसं झालं तर डॉक्टरांना कळवा.

प्रश्न : लसीच्या आधीच पॅरासिटामॉल घेऊन ठेवलं तर चालेल का, म्हणजे ताप येणारच नाही?

उत्तर : आधी नको. ताप आला किंवा फार दुखलं तर नंतर खुशाल घ्या. पण रोजची पेनकिलर ज्यांना लागतेच, ती नसली तर पायऱ्याच चढवत नाहीत, त्यांनी लसीपायी हाल करून घेऊ नयेत.

प्रश्न : मुलीला आमवात आहे, गरोदरपणात सातव्या महिन्यापर्यंत अडालिमुमॅबची इंजेक्शनं चालू होती. बाळ आता दोन महिन्यांचं आहे, छान आहे. मुलांच्या डॉक्टरांनी बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, थांबवली आहे. तिच्या सासूबाई म्हणतात बाळाला उघड्यावर टाकलंय. मलाही रात्री झोप लागत नाही.

उत्तर : आजी, त्या डॉक्टरांनी थांबवली हे योग्यच केलं, आणि हे सासूबाईंनाही वाचून दाखवा, त्यांची काळजीही प्रेमापोटीच आहे.

अडालिमुमॅबसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आईच्या नाळेतून बाळाकडे जातात, गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यात तर खूपच, आणि जन्मानंतर काही महिने बाळाच्या रक्तात राहतात. म्हणजे औषध आईने घेतलं तरी काही काळ प्रतिकारशक्ती बाळाचीही दबलेली असू शकते. बीसीजी ही जिवंत लस आहे. २०१० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात एका बाळाची हकीकत छापून आली होती, आईने आतड्याच्या आजारासाठी गरोदरपणात इन्फ्लिक्सिमॅब घेतलं होतं, बाळाला तीन महिन्यांचं असताना बीसीजी दिली, त्या लसीतले जंतू अंगभर पसरले आणि बाळ गेलं. तेव्हापासून सगळे सावध झाले. म्हणून अशा बाळांची बीसीजी साधारण सहा महिन्यांपर्यंत थांबवतात.

पण ऐका, बाळ उघड्यावर बिलकुल नाही. ज्या लसी निर्जीव आहेत, घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताची, हिपॅटायटिस बी, इंजेक्शनची पोलिओ, न्यूमोकॉकल, त्या सगळ्या ठरलेल्या तारखेलाच घ्यायच्या, एक दिवसही मागे नको. तोंडावाटे देतात ती रोटाव्हायरसची लस मात्र जिवंत आहे. आईला अडालिमुमॅबच्या गटातलं औषध होतं तर अमेरिकन मार्गदर्शन ती द्यायला हरकत घेत नाही, काही डॉक्टर थांबणं पसंत करतात, आणि या लसीचा पहिला डोस फार उशिरा देता येत नाही, त्यामुळे मुलांचे डॉक्टर आणि मुलीचे संधिवाताचे डॉक्टर यांचं एकमेकांशी फोनवर बोलणं याच आठवड्यात घडवून आणा. शेवटचं इंजेक्शन कुठल्या तारखेला झालं ते कागदावर लिहून न्या, सगळा निर्णय त्या एका तारखेवर फिरतो.

प्रश्न : मी मेथोट्रेक्सेटवर, घरात नातवाला रोटाचा डोस दिलाय. लांब राहू का?

उत्तर : अजिबात नाही, मांडीवर घ्या. फक्त लसीतला जिवंत विषाणू बाळाच्या शीतून बाहेर पडतो म्हणून चारेक आठवडे लंगोट दुसऱ्या कोणीतरी बदलावा, आणि तुमच्यावरच वेळ आली तर साबणाने हात नीट धुवा. घरातल्या मुलांच्या गोवर, कांजिण्यांच्या लसीही वेळेवर होऊ द्या. फक्त तोंडावाटेच्या पोलिओऐवजी इंजेक्शनची मिळत असेल तर ती बरी. आणि घरात कोणाला खऱ्या कांजिण्या झाल्या आणि तुम्हाला त्या कधी झालेल्या नसतील, तर फोड यायची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

प्रश्न : कामासाठी अशा देशात जायचंय जिथे पिवळ्या तापाची लस सक्तीची आहे. औषधं मेथोट्रेक्सेट आणि अडालिमुमॅब. तिकीट सहा आठवड्यांनी.

उत्तर : ही लस जिवंत आहे. तुमच्या औषधांवर ती घ्यायचीच म्हटली तर मेथोट्रेक्सेट चार आठवडे आधी बंद, अडालिमुमॅब निदान एक डोसचं अंतर सोडून, आणि दोन्ही लसीनंतर आणखी चार आठवडे बंद. मोजून बघा, तुमच्या सहा आठवड्यात हे बसत नाही, आणि एवढे दिवस औषधाशिवाय तुमचे सांधे काय करतील कोण जाणे. वैद्यकीय कारणासाठी सूट मिळाल्याचं पत्र डॉक्टर देऊ शकतात, पण पत्राने प्रवेश मिळतो, हा ताप पसरवणाऱ्या डासापासून बचाव होत नाही. मी तुमच्या जागी असतो तर ऑफिसला सांगून दुसऱ्या कोणाला पाठवायला लावलं असतं.

प्रश्न : बायकोला रिटुक्सिमॅब चालू आहे, दर सहा महिन्यांनी सलाईनमधून. मागच्या वेळी सलाईन झाल्यावर तीन आठवड्यांनी कोविडची लस घेतली, नंतर आम्ही स्वतःच अँटिबॉडी टेस्ट केली तर आकडा जवळजवळ शून्य. तेव्हापासून ती कुठे जात नाही, कोणाला घरी येऊ देत नाही. म्हणते मला कुठलीच लस लागू पडत नाही.

उत्तर : दादा, पत्र दोनदा वाचलं. त्यांना सांगा, त्यांच्या शरीरात काही खोट नाहीये, फक्त वेळ चुकली होती.

वर बी-पेशींबद्दल लिहिलंय ना, रिटुक्सिमॅब नेमकं त्यांनाच रक्तातून काढून टाकतं, आणि त्या परत यायला सहा महिने किंवा जास्तही लागतात. सलाईननंतर तीन आठवड्यांनी लस दिली तेव्हा अँटिबॉडी बनवणारं कोणी जागेवरच नव्हतं. पण प्रतिकारशक्तीत टी-पेशी नावाचंही एक दल असतं, त्यांना रिटुक्सिमॅब फारसं हात लावत नाही, त्या लस ओळखायला शिकतात आणि ते तुमच्या त्या टेस्टमध्ये दिसतच नाही. म्हणून अशी टेस्ट सरसकट करू नका असंच आम्ही सांगतो, आकडा शून्य आला की माणूस खचतो आणि मोठा आला की बेफिकीर होतो.

आता पुढचं. समजा पुढची सलाईन १ जूनला ठरली आहे. मग न्यूमोनियाची किंवा दुसरी कुठलीही निर्जीव लस मेच्या शेवटी घ्या, म्हणजे आधीच्या डोसला जास्तीत जास्त दिवस झालेले असतील, आणि सलाईन लसीनंतर निदान दोन आठवड्यांनी, म्हणजे जूनच्या मध्यावर. एवढी पुढे ढकलता येईल का ते डॉक्टरांना विचारा, आजार शांत असेल तर बहुतेक हो म्हणतील. दोन लसी राहिल्या असतील तर एकाच दिवशी दोन्ही हातांवर घेतल्या तरी चालतं. फक्त फ्लूला हा नियम लावू नका, फ्लूची साथ सलाईनच्या तारखा बघून येत नाही, लस आली की घ्यायची, सलाईन कधीही झालेली असो. आणि हिपॅटायटिस बी ची रक्ततपासणी रिटुक्सिमॅबच्या आधी झाली होती का ते फाइलमध्ये बघा, जुना दबलेला हिपॅटायटिस या औषधाने उसळू शकतो.

आणि एक तुम्हाला विचारतो. तुम्ही स्वतः फ्लूची लस घेतली आहे का? मुलांनी? जिच्या शरीराला अँटिबॉडी बनवायला जड जातंय तिच्यापर्यंत आजार बहुतेक घरातल्याच कोणाच्या तरी खोकल्यातून पोचतो. उद्या तुम्ही सगळ्यांनी लस घ्या, जाताना त्यांनाही घेऊन जा, तिथेच त्यांची फ्लूची होऊन जाईल, आणि साधारण दोन आठवड्यांनी, म्हणजे तुमच्या सगळ्यांच्या लसी काम करायला लागल्या की, त्यांची सगळ्यात जवळची मैत्रीण कोण असेल तिला घरी बोलवा.